माझे गाणे मला शोधू द्या

सोमवारची मधुमेहाची ओपीडी म्हणजे दोनशे माणसांची रांग, हातात पिवळ्या पडलेल्या केसपेपरच्या घड्या आणि बाकावर जागा मिळण्यावरून कुरबुर. त्या गर्दीत एक दिवस अचानक भीमसेन जोशींचा आवाज घुमला. एका म्हाताऱ्या रुग्णाच्या खिशातला फोन चुकून सुरू झाला होता. सोबतच्या मुलाने तो घाईने बंद केला. म्हातारा ओशाळला नाही. उलट ताड्कन म्हणाला, "बंद कशाला केलास? दोन दिवस शोधत होतो तेच. आता परत कुठं सापडायचं!"

या मामांना मी सात-आठ वर्षे ओळखतो. टॉवेलच्या कारखान्यात जॉबर म्हणून त्यांची हयात गेली. चोवीस माग एकदम खडखडत असताना कोणत्या मागाची चाल बिघडली, हे ते पाठमोरे उभे राहून सांगत. संध्याकाळी गल्लीतल्या भजनी मंडळात पेटी. घरी कॅसेटचे लाकडी कपाट: अभंग, नाट्यसंगीत, भीमगीते, कन्नड वचने, तेलुगू भजने. सोलापूरच्या गल्लीत जे जे कानावर पडते ते सगळे. मधुमेह मात्र त्यांनी कधी मनावर घेतला नाही. डोळ्यांसमोर काळे धागे तरंगू लागले तेव्हा चष्म्याचा नंबर वाढला असेल म्हणून वर्ष काढले. नेत्रविभागात पोहोचले तोवर एका डोळ्यात रक्तस्राव झाला होता आणि दुसऱ्याचा दृष्टिपटल ओढला गेला होता. लेझर झाले, शस्त्रक्रिया झाली. उरला तो फक्त उजेड आणि अंधार यांतला फरक.

त्या वेळी मी त्यांना काय सांगितले, ते मला आजही टोचते. मी म्हणालो, "मामा, आता डोळ्यांसाठी करण्यासारखं काही उरलं नाही. साखर सांभाळा." वैद्यकीयदृष्ट्या वाक्य बरोबर होते. पण माणूस म्हणून मी त्यांच्या तोंडावर दार लावले होते. त्यानंतर ते वर्षभर ओपीडीला आले नाहीत. आले तेव्हा साखर साडेतीनशेवर, वजन घटलेले, चेहरा दगडासारखा. मुलगा म्हणाला, "दिवसभर पडून असतात. बोलत नाहीत, जेवणाचंही भान नाही." मी नैराश्याबद्दल प्रश्न विचारू लागलो. मामांनी मध्येच थांबवले.

"डॉक्टरसाहेब, कपाटात सहाशे कॅसेट हायेत. नातवानं सगळ्या फोनमधी भरल्यात म्हणतो. पण एक गाणं ऐकायचं तर घरातल्या कुणाला तरी हाक मारायची. सून स्वयंपाकात, नातू कॉलेजात. किती वेळा हाक मारायची वो? मग ऐकायचंच सोडलं."

त्या एका वाक्याने मला जे शिकवले, त्यावर हा लेख आहे.

फोन स्वतःच बोलतो

दृष्टी गेलेल्या माणसाला फोन किंवा संगणक वापरता येतो, हे आजही अनेक सुशिक्षित घरांत ठाऊक नसते. ते शक्य करणाऱ्या सॉफ्टवेअरला स्क्रीन रीडर म्हणतात. नाव जरा फसवे आहे. हे सॉफ्टवेअर आपल्यासारखे पडद्याकडे 'पाहत' नाही. पडद्यावर दिसणाऱ्या प्रत्येक बटणाची, यादीची, रकान्याची एक अदृश्य नोंद फोनच्या आत असते: हे बटण आहे, याचे नाव 'सुरू करा', हे यादीतले चौथे नाव. स्क्रीन रीडर ती नोंद वाचतो आणि कृत्रिम आवाजात बोलून दाखवतो. अँड्रॉइड फोनमध्ये हे काम 'टॉकबॅक' करते, आयफोनमध्ये 'व्हॉइसओव्हर'. दोन्ही फोनमध्ये आधीपासूनच असतात, पैसे पडत नाहीत. बोट उजवीकडे सरकवले की पुढच्या गोष्टीचे नाव ऐकू येते. हवे ते नाव आले की पडद्यावर कुठेही दोनदा टिचकी मारायची. पाहून नेमकी जागा दाबण्याची गरज नाही.

संगणकासाठी दोन नावे महत्त्वाची. 'जॉज' हा अमेरिकेतला स्क्रीन रीडर टेड हेंटर यांनी १९८९ मध्ये आणला. हेंटर मोटारसायकल शर्यतींतले खेळाडू. १९७८ मध्ये अपघातात त्यांची दृष्टी गेली. आपल्याकडे उल्हासनगरच्या प्रांजल पाटील यांनी याच सॉफ्टवेअरच्या साहाय्याने अभ्यास करून केंद्रीय लोकसेवा आयोगाची परीक्षा दिली आणि त्या आयएएस अधिकारी झाल्या. जॉज उत्तम आहे, पण महाग आहे.

दुसरा 'एनव्हीडीए'. तो पूर्णपणे मोफत. २००६ मध्ये ऑस्ट्रेलियात मायकेल करन या अंध तरुणाने तो लिहायला घेतला, पुढे जेम्स तेह हा त्याचा अंध मित्र सोबत आला. या दोघांची ओळख लहानपणी झाली ती अंध मुलांच्या एका संगीत शिबिरात! आज जगभरातले असंख्य अंध लोक जो स्क्रीन रीडर वापरतात, त्याची मैत्री गाण्यातून जमली आहे, हे मामांना सांगितले तेव्हा ते पहिल्यांदा हसले.

मग ब्रेल का नाही?

हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. ब्रेल लिपीचे मोल कमी नाही. लुई ब्रेल स्वतः ऑर्गनवादक होते आणि त्यांच्या सहा ठिपक्यांत संगीताची लिपीही बसवलेली आहे. लहानपणी दृष्टी गेलेल्या मुलाला ब्रेल शिकवलीच पाहिजे, कारण शुद्धलेखन आणि अक्षरांची ओळख कानांनी पुरी होत नाही.

पण मधुमेहाने दृष्टी गेलेल्या साठीच्या माणसाची गोष्ट निराळी. ज्या साखरेने डोळ्यांतल्या सूक्ष्म रक्तवाहिन्या बिघडवल्या, तीच साखर नसांनाही इजा करते. बधिरपणा बहुधा पायांपासून सुरू होतो, पण पुष्कळांच्या बोटांची टोकेही बोथट होतात. ब्रेलचे ठिपके एकमेकांपासून जेमतेम अडीच मिलिमीटरवर असतात. ज्याला शर्टाचे बटण चाचपावे लागते, त्याने त्या वयात ते ठिपके नव्याने शिकणे फार कठीण. मामांची बोटे तशीच होती. अशा माणसाला कान हीच वाट उरते.

इथे एक गैरसमज दूर करू. 'देव एक घेतो आणि दुसरे देतो, आंधळ्याचे कान तीक्ष्ण होतात,' असे आपण सहज म्हणतो. विज्ञान थोडे वेगळे सांगते. कान तेच राहतात, बदलतो तो मेंदू. जन्मतः किंवा अगदी बालपणी दृष्टी गेली असेल तर मेंदूच्या मागच्या बाजूचा, पाहण्यासाठी राखलेला भाग रिकामा बसत नाही. ब्रेल वाचताना तो भाग काम करतो, हे सदातो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये दाखवून दिले. बालपणी दृष्टी गेलेल्या संगीतकारांमध्ये नुसत्या सुरावरून स्वर अचूक ओळखण्याची क्षमता डोळस संगीतकारांपेक्षा बरीच जास्त आढळते. पण हे सारे लवकर आलेल्या अंधत्वाबद्दल. साठीत दृष्टी गेलेल्या माणसाला असे आयते काही मिळत नाही. त्याने ऐकायला शिकावे लागते.

मात्र शिकता येते, हे नक्की. आपण साधारण बोलताना एका सेकंदाला पाच-सहा अक्षरे उच्चारतो. डोळस माणसाला आठेक अक्षरांपर्यंत नीट समजते. जर्मनीतल्या ट्युबिंगेन विद्यापीठातील संशोधकांना असे अंध श्रोते आढळले की जे सरावाने सेकंदाला बावीस अक्षरांपर्यंतचे कृत्रिम बोलणे समजू शकत. आपल्याला तो आवाज म्हणजे पत्र्यावर पडणारी वाटाणे वाटेल. मामांनी सुरुवातीला वेग सगळ्यात कमी ठेवला होता. आता त्यांचा फोन बोलतो तेव्हा मला काहीच कळत नाही. ते मात्र म्हणतात, "मागाच्या आवाजापेक्षा सोपं हाय की."

खरी अडचण नावांची

नातवाने टॉकबॅक सुरू करून दिले, मराठी आवाज निवडून दिला. आता प्रश्न सुटला, असे आम्हाला वाटले. पुढच्या महिन्यात मामा चिडून आले. फोन माझ्यासमोर धरून गाण्यांच्या यादीवरून बोट फिरवू लागले. आवाज आला: "ट्रॅक शून्य एक. ट्रॅक शून्य दोन. ट्रॅक शून्य तीन." दुसऱ्या फोल्डरात प्रत्येक गाण्याची सुरुवात ज्या संकेतस्थळावरून ते उतरवले त्याच्या नावाने. ते लांबलचक नाव पुरे झाल्याशिवाय गाण्याचे नाव येईना. व्हॉट्सॲपवरून आलेल्या गाण्यांच्या नावांत तर नुसती तारीख आणि आकडे. काही नावे आली तर ती अगम्य रोमन अक्षरांची माळ.

डोळस माणसाला अशा पसाऱ्याचा फारसा त्रास होत नाही. नजर एका क्षणात वीस ओळींवरून फिरते, मुखपृष्ठाचे चित्र ओळखीचे वाटते, बोट तिथे जाते. कानाला असे घाऊक पाहता येत नाही. कान एकेक नाव क्रमाने ऐकतो. तीन हजार गाण्यांची यादी म्हणजे तीन हजार माणसांची रांग, आणि आपल्याला प्रत्येकाला नाव विचारत पुढे जायचे आहे. म्हणून डोळ्यांसाठी नीटनेटकेपणा ही हौस असेल. कानांनी चालणाऱ्यासाठी ती गरज आहे.

गंमत अशी की हा प्रश्न ध्वनिमुद्रणाइतकाच जुना आहे. १९०२ मध्ये कोलकात्यात गौहर जान यांच्या गाण्याच्या तबकड्या मुद्रित झाल्या. गाणे संपताना त्या स्वतःचे नाव उच्चारून सांगत. मूळ मुद्रण पुढे जर्मनीत हॅनोवरला जाई आणि तिथल्या कारागिरांना कोणती तबकडी कुणाची हे त्या उच्चारावरून कळे. म्हणजे गाण्याने आपली ओळख आपणच आवाजात सांगायची. अंध श्रोत्याला नेमके हेच हवे असते! मामांनीही आपल्या परीने तोच उपाय केला होता. दृष्टी अधू होऊ लागली तेव्हा त्यांनी कॅसेटच्या डबीला सुताच्या गाठी बांधल्या होत्या. एक गाठ अभंगाची, दोन नाट्यसंगीताची, तीन भीमगीतांची. गाणी फोनमध्ये गेली आणि गाठी कपाटातच राहिल्या.

डिजिटल गाण्याची गाठ म्हणजे 'टॅग'. एमपीथ्री फाइलच्या पोटातच गाण्याचे नाव, गायक, संग्रह, वर्ष अशी माहिती लिहिण्याची जागा असते. ही कल्पना १९९६ मध्ये एरिक केम्प यांनी आणली. फाइलच्या शेवटी १२८ बाइटची एक चौकट जोडायची. त्यात नावाला ३० बाइट, गायकाला ३०, संग्रहाला ३०. रोमन लिपीला हे जेमतेम पुरे. आजच्या प्रचलित पद्धतीने देवनागरी लिहायची तर प्रत्येक चिन्हाला ३ बाइट लागतात. म्हणजे 'ज्ञानेश्वर' एवढे एकच नाव लिहिले की ३० बाइट संपले! गायनप्रकारासाठी ऐंशी नावांची एक ठरलेली यादी होती. तिच्यात ब्लूज होते, पोल्का होते. अभंग, लावणी, नाट्यसंगीत अर्थातच नव्हते. पुढे १९९८ मध्ये आलेल्या नव्या पद्धतीने ही अडचण दूर केली. आता मराठीत हवे तेवढे लांब नाव आणि हवा तो प्रकार लिहिता येतो. पण लिहिणारा कुणी तरी हवा. आपल्याकडच्या मराठी संगीताच्या फाइलींमध्ये ते काम बहुतेक वेळा कुणी केलेलेच नसते.

अगम्य रोमन अक्षरांचे कारणही सांगतो. युनिकोड रुळण्यापूर्वी मराठी टंकलेखन विशिष्ट फॉन्ट वापरून होत असे. त्यात पडद्यावर 'विठ्ठल' दिसले तरी आत साठवलेली असत ती इंग्रजी अक्षरे. नजरेला मराठी दिसते. स्क्रीन रीडर आतले वाचतो, त्यामुळे त्याला कचराच ऐकू येतो. जुन्या मराठी पीडीएफ, शासकीय परिपत्रके आणि पाठ्यसाहित्य यांच्याबाबतही हीच रड आहे.

मामांनी काय केले

नातवाच्या जुन्या लॅपटॉपवर एनव्हीडीए बसवले. त्याच्यासोबत येणाऱ्या 'ई-स्पीक' या आवाजाला मराठी येते. आवाज यांत्रिक आहे, पहिले आठ दिवस डोके उठते, मग सवय होते. फाइलींचे टॅग बदलण्यासाठी 'एमपीथ्रीटॅग' आणि ऐकण्यासाठी 'फूबार' हे साधे प्लेअर वापरले. दोन्ही मोफत आणि दोन्ही फक्त कीबोर्डवर चालवता येतात. दिसायला आकर्षक असलेले एक संगीत ॲप त्यांनी आधी वापरून पाहिले होते. त्यातल्या बटणांना नावेच दिलेली नव्हती. फोन नुसता "बटण, बटण, बटण" म्हणत राही. अशा वेळी टॉकबॅकमध्ये त्या बटणाला आपण स्वतः नाव देऊ शकतो. पण खरे तर हे काम ॲप बनवणाऱ्याचे आहे आणि त्याला ते काही मिनिटांत करता येते.

पुढचे सहा महिने रोज दुपारी दोन तास आजोबा आणि रविवारी नातू असे काम चालले. त्यातून जे नियम ठरले ते मी इथे देतो. कुणाच्या घरी गरज असेल तर उपयोगी पडतील.

पहिला नियम, जो शब्द ओळख पटवतो तो आधी. 'पंडित अमुक यांनी गायिलेला अभंग' असे नाव ठेवले तर कामाचा शब्द येईपर्यंत चार शब्द ऐकावे लागतात. आधी गाण्याचे पहिले दोन-तीन शब्द, मग गायकाचे आडनाव. कामाचे कानावर पडले की पुढचे न ऐकता पुढे जाता येते.

दुसरा, एका नावाचे एकच लेखन. रोमन लिपीत 'विठ्ठल' पाच प्रकारे लिहिला जातो आणि यादीत पाच ठिकाणी जाऊन बसतो. देवनागरीत लिहायचे की रोमनमध्ये, हे सुरुवातीलाच ठरवायचे. मामांनी देवनागरी निवडली. कीबोर्डवरचे एक अक्षर दाबले की यादी थेट त्या अक्षरावर जाते, त्यामुळे 'म' दाबला की तीन हजारांतून शंभरावर येता येते.

तिसरा, आकड्यांआधी शून्य. १, २, १० असे लिहिले तर काही यंत्रांवर १ नंतर १० येतो. ०१, ०२, १० असे लिहायचे.

चौथा, फोल्डरच्या आत फोल्डर तीनच्या पुढे नकोत. प्रकार, गायक, संग्रह. त्याहून खोल गेले की आपण कुठे आहोत हे लक्षात राहत नाही. डोळस माणसाला पडद्याच्या कोपऱ्यात वाट दिसते, इतरांना ती डोक्यात धरावी लागते.

पाचवा, ज्याचे त्याने प्रकार ठरवावेत. मामांनी टॅगच्या एका रकान्यात राग लिहिला, दुसऱ्यात वेळ: काकड्याची, दुपारची, शेजारतीची. एकच अभंग चार गायकांनी गायिला असेल तर चारही एकाखाली एक ऐकता येतात. भजनी मंडळात चालीवरून वाद झाला की हल्ली मामांना बोलावणे येते.

सहावा, सगळ्याची दुसरी प्रत. एक पेन ड्राइव्ह मुलाच्या कपाटात. दृष्टी असलेल्याची गाणी उडाली तर तो हळहळतो. इथे सहा महिन्यांचे काम उडते.

ज्या कॅसेट अजून राहिल्या होत्या, त्या मामांनी स्वतः संगणकात घेतल्या. टेपरेकॉर्डरची वायर संगणकाला जोडायची आणि 'ऑडॅसिटी' नावाच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये मुद्रित करायचे. साठ मिनिटांच्या कॅसेटला साठ मिनिटेच लागतात, घाई चालत नाही. निवृत्त माणसाकडे वेळच तेवढा असतो.

एक अडचण मात्र आमच्या कुणाच्या लक्षात आली नव्हती. गाणे सुरू असताना पुढचे शोधायला गेले की स्क्रीन रीडरचा आवाज गाण्यावर चढतो. "बुवा आलाप घेत्यात आणि ही बाई मधेच आकडे सांगतीय. ऐकू कुणाचं?" असा मामांचा सवाल होता. यावर उपाय असतो. एनव्हीडीएमध्ये अशी सोय आहे की यंत्र बोलू लागले की गाण्याचा आवाज आपोआप खाली येतो आणि बोलणे संपले की परत वर जातो. आयफोनवर दोन बोटांनी दोनदा टिचकी मारली की गाणे लगेच थांबते. घरातल्या डोळस माणसाने एकदा बसून या सोयी लावून दिल्या की रोजचा वैताग वाचतो.

कान जपायचे

डॉक्टर म्हणून एक इशारा देतो. ज्याचे सगळे जग कानांतून येते त्याचे कान बिघडले तर दुसरा अंधार होईल. मधुमेहींमध्ये बहिरेपणाचे प्रमाण इतरांहून जास्त असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंत सुरक्षित मानला जातो. आवाज ३ डेसिबलने वाढला की सुरक्षित वेळ निम्मी होते. म्हणून आवाज वाढवण्याऐवजी खोली शांत करावी. बोलण्याचा वेग आवडीप्रमाणे वाढवावा, मोठेपणा नव्हे. आणि रस्त्यावर चालताना दोन्ही कानांत बोंडे घालायची नाहीत. अंध माणसाला वाहन दिसत नाही, ते ऐकूच यावे लागते. वर्षातून एकदा श्रवणाची तपासणी करून घ्यावी.

आणि स्क्रीन रीडरच्या आधीची गोष्ट विसरू नका. दिसेनासे होणे म्हणजे कायमचे अंधत्व असेलच असे नाही. आपल्या देशात पन्नाशीनंतरच्या अंधत्वाचे सर्वांत मोठे कारण आजही मोतीबिंदू आहे आणि तो छोट्या शस्त्रक्रियेने बरा होतो. मधुमेह असेल तर चष्म्याच्या दुकानातली नंबर तपासणी पुरेशी नाही. बाहुली मोठी करून दृष्टिपटलाची तपासणी दर वर्षी झालीच पाहिजे, डोळ्यांची एकही तक्रार नसली तरी. तक्रार सुरू होईपर्यंत पुष्कळदा उशीर झालेला असतो. मामांच्या बाबतीत तो झाला.

हाक मारावी लागू नये म्हणून

आपल्या संगीताच्या इतिहासात एक मोठे नाव आहे, विष्णू दिगंबर पलुस्कर. १८७२ मध्ये कुरुंदवाडला जन्मलेल्या या मुलाचे डोळे लहानपणी फटाक्याच्या स्फोटाने अधू झाले. शाळा सुटली, म्हणून मिरजेला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे गाणे शिकायला पाठवले गेले. पुढे १९०१ मध्ये त्यांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय उभे केले आणि गाणे कागदावर उतरवण्याची स्वरलिपी तयार केली. ज्याला वाचायला त्रास होता त्यानेच संगीत लिहिण्याची पद्धत घडवली! पण पलुस्करांच्या काळी अधू दृष्टीच्या माणसाला दुसऱ्या कुणाच्या डोळ्यांवर अवलंबून राहावे लागे. आज तशी सक्ती उरलेली नाही, आणि तरीही आपण ती घराघरांत चालू ठेवली आहे, निव्वळ माहिती नाही म्हणून.

कायदा या बाबतीत स्पष्ट आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने माहिती आणि इलेक्ट्रॉनिक साधने सर्वांना वापरता येतील अशी करणे सरकारवर बंधनकारक केले. एप्रिल २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवा वापरता येणे हा जगण्याच्या मूलभूत हक्काचाच भाग असल्याचे म्हटले. तो खटला बँकेच्या ओळख पडताळणीसंबंधीचा होता. गाणे बँकेइतके महत्त्वाचे नाही, असे कुणी म्हणेल. माझा अनुभव उलटा आहे. बँकेचे काम महिन्यातून एकदा मुलगा करून देतो. दुपारचे चार तास मात्र ज्याचे त्यालाच काढायचे असतात.

घरच्यांना माझे सांगणे असे. दृष्टी गेलेल्या माणसाच्या हातून फोन काढून घेऊन 'आणा, मी लावून देतो' म्हणू नका. प्रेम असते, पण त्याने माणूस पंगू होतो. शेजारी बसा आणि त्याला चुकू द्या. दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र वेळेत काढा, त्यासाठी सरकारी रुग्णालयात सोय असते. राष्ट्रीय अंध संघ अर्थात 'नॅब' ही १९५२ पासून काम करणारी संस्था आहे, तिच्याकडून मार्गदर्शन मिळते. आणि माझ्या व्यवसायबंधूंना सांगणे: 'आता करण्यासारखे काही नाही' हे वाक्य डोळ्यांच्या कागदावर लिहा हवे तर, माणसाला ऐकवू नका. डोळ्यांचे उपचार संपतात त्या दिवशी पुनर्वसनाचे उपचार सुरू व्हायला हवेत. मी ते वर्षभर उशिरा सुरू केले.

गाण्याने साखर उतरते, असा दावा मी करणार नाही. मामांची साखर उतरली ती इन्सुलिनने आणि वेळेवर जेवल्याने. पण इन्सुलिन नियमित घेण्यासाठी उद्या उठावेसे वाटले पाहिजे. हल्ली ते इन्सुलिन पेनची टिकटिक मोजून मात्रा लावतात, सून आकडा पाहून 'बरोबर' म्हणते, मग टोचतात. हे त्यांना नीट शिकवल्यावरच आम्ही सुरू केले, कुणी तपासल्याशिवाय तसे करू नये. पण मोजणारे कान त्यांचे आहेत. "मागाची चाल ओळखत होतो, एवढं तर कळंल की," असे त्यांचे म्हणणे.

गेल्या सोमवारी ते आले तेव्हा रांग नेहमीसारखीच होती. माझ्यापुढे बसताना त्यांनी खिशातून फोन काढला, दोनदा बोट सरकवले, एकदा टिचकी मारली. फोन इतक्या भरभर बोलला की मला एक अक्षर कळले नाही. मग तोच अभंग सुरू झाला, जो त्या दिवशी चुकून लागला होता. अर्धा मिनिट ऐकून त्यांनी स्वतःच बंद केला.

"बघितलं का?" मामा म्हणाले. "कुणाला हाक मारली नाही."